वाकडी दोरी आणि डोळाताई

दूध उतू जायच्या बेतात होतं, नवऱ्याचा दुसरा मोजा सापडत नव्हता आणि न्हाणीघरातला नळ पाणी द्यायचं सोडून नुसताच सूं सूं करत होता. म्हणजे रोजच्यासारखीच सकाळ. धाकटीनं एका हातानं गॅस बारीक केला, दुसऱ्या हातानं वाळत घातलेला मोजा ओढून नवऱ्याच्या खांद्यावर टाकला, आणि तेवढ्यात दारावर थाप पडली.

घंटा असताना थाप!

"या वेळी कोण?" एका पायावर उभा राहून नवरा म्हणाला.

"दूधवाला येऊन गेला. आणि पेपरवाला थाप मारत नाही, दगड मारल्यासारखा पेपर मारतो," म्हणत धाकटीनं दाराच्या भोकाला डोळा लावला. बाहेर कॉम्प्युटरवाला उभा होता. दाढी न केलेला, चेहरा ओढलेला. काखेत काहीतरी मोठं, चपटं, फुलाफुलांच्या चादरीत गुंडाळलेलं.

आतल्या खोलीतून आवाज आला, "तोच आहे ना? खोकं आहे का हातात?"

"खोकं नाही, वन्सं. चादर आहे."

"चादर?" आत खुर्ची सरकली. "उघडू नकोस लगेच. आधी विचार, चादर कशाला."

धाकटीनं काही न विचारता कडी काढली. दुकानदाराची दाराआडून उलटतपासणी घेणं तिला काही जमलं नसतं. पण मनात पाल चुकचुकलीच. काल फोनवर हा माणूस वन्संना स्पष्ट म्हणाला होता, "उद्या आणतो तो शेवटचा मॉनिटर. तोही नाही पटला तर सगळी पेटी उचलून नेतो, ताई. मग तुम्ही तुमचं बघा, मी माझं बघतो." आणि आज दुकान उघडायच्या आधीच स्वारी हजर, तीही चादर घेऊन. चादर मॉनिटर आणायला की पेटी न्यायला?

धाकटी या घरात सून होऊन आली, तेव्हापासून ती 'धाकटी'च. थोरली कुणी नव्हतीच. पण वन्संनी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या बहिणीनं, पहिल्याच दिवशी "काय गं धाकटे" म्हणून हाक मारली आणि ते नाव चिकटलं. वन्संनाही त्यांचं नाव असंच चिकटलं होतं. कार्टून काढणाऱ्या एका मोठ्या स्टुडिओत त्यांनी उभी हयात नोकरीत काढली. तिथं त्यांना सगळे 'डोळाताई' म्हणत.

चित्रं काढणारे वेगळे, रंगवणारे वेगळे. वन्संचं काम तपासायचं. एका उडीसाठी ढीगभर कागद, प्रत्येकावर तोच ससा, जरासा पुढे सरकलेला. लागोपाठचे दोन कागद उजेडासमोर एकावर एक धरायचे, डावा डोळा मिटायचा आणि बोटांत वरचा कागद झुलवायचा. खालचा, वरचा, खालचा, वरचा. जी रेघ हलायची तीच हलली तर कागद पास. जी हलायची नाही, म्हणजे भिंत, झाडाचं खोड, टेबलाची कड, तिनं केसभर जरी उडी मारली तरी वन्सं कागद बाजूला सारत आणि म्हणत, "रेघ उडतेय." बस्स, एवढंच. मग तो कागद कुणाचाही असो, परत जायचा. मोठमोठे चित्रकार त्यांच्या टेबलाशी पोरासारखे उभे राहत.

डावा डोळा मिटायची सवय त्यांना त्यांच्या पहिल्या मुकादमीण बाईंनी लावली होती. "दोन डोळे म्हणजे नवरा-बायको," त्या म्हणायच्या, "एकमेकांची चूक झाकतात. खरं पाहायचं तर एकाला गप्प बसव." वन्संनी ते इतकं मनावर घेतलं, की पुढे भाजीवाल्याचा तराजूसुद्धा त्या डावा डोळा मिटूनच बघत. लग्नासाठी बघायला आलेला एक मुलगाही म्हणे असाच बघितला होता, आणि तो चहा न पिता निघून गेला होता. खरंखोटं देव जाणे. वन्सं त्यावर फक्त म्हणत, "खांदे वाकडे होते."

नोकरी संपली तेव्हा धाकटीला वाटलं होतं, आता या सकाळी फिरायला जातील, दुपारी वाचतील. वन्संनी लांबच्या एका भाच्याचा जुना कॉम्प्युटर मागून घेतला. स्टुडिओत कागद जाऊन कॉम्प्युटर आला तेव्हा त्याही तो शिकल्या होत्या. आता त्यांना स्वतःचा एक छोटा सिनेमा करायचा होता. गोष्ट अगदी एवढीशी. कपडे वाळत घालायची एक दोरी. तिच्यावरून एक मुंगी चाललेली. दोरी सरळ, ताठ. मुंगी मधोमध येते आणि दोरी केसभर, अगदी केसभरच वाकते. मुंगी थांबते. तिला कळतं, की आपल्यालाही वजन आहे.

"एवढंच?" नवरा म्हणाला होता.

"जन्मभर दुसऱ्यांच्या रेघा तपासल्या," वन्सं म्हणाल्या. "एक तरी रेघ माझी असू दे."

धाकटीला त्या दिवशी भाजी निवडता निवडता उगाचच भरून आलं होतं.

पण जुन्या कॉम्प्युटरला ती मुंगी झेपेना. संगणकात मुंगी, दोरी, उजेड, सावली सगळं मांडून झालं, की त्याची शेवटची पक्की चित्रं तयार करायला मशीन बसतं, त्याला रेंडर म्हणतात. भाच्याचं मशीन बसलं की बसायचंच. पंखा घरघरायचा, खोली तापायची, आणि दिवसभरात मुंगी जेमतेम दोन पावलं चालायची. त्यात सावली चुकली की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून नवं मशीन. तयार पेटी नाही, एकेक भाग निवडून जोडून घेतलेलं.

इथून संशयाचा अध्याय सुरू झाला.

वन्सं धाकटीला दुकानात घेऊन गेल्या. "साक्षीला चल," म्हणाल्या, जसं काही जमिनीचं खरेदीखत होतं. दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला उघड्या पेट्या, तारांची भेंडोळी, आणि काउंटरमागे हा कॉम्प्युटरवाला, स्क्रूड्रायव्हर कानावर खोचून. धाकटीनं त्याचं बोलणं मनातल्या मनात आपल्या भाषेत उतरवून घेतलं. प्रोसेसर म्हणजे शेगडी, जितके बर्नर तितकी कामं एका वेळी. रॅम म्हणजे ओटा, लहान असला की अर्धा स्वयंपाक जमिनीवर. डिस्क म्हणजे फडताळ. आणि ग्राफिक्स कार्ड म्हणजे पाहुणे आले की ज्या जावेला पुढे करतात ती. खरा घाम तीच गाळते.

"ताई, तुमचं रेंडर कार्डावर होणार," तो म्हणाला. "प्रोसेसर मधला घ्या, फार वरचा नको. ते पैसे कार्डात घाला. कार्डाची स्वतःची मेमरी भरपूर हवी, नाहीतर सीन मावणार नाही आणि मध्येच बंद पडेल."

वन्संनी मान डोलावली आणि बाहेर येताच धाकटीचा दंड धरला. "दुकानदार महागाची वस्तू घेऊ नका म्हणतो. का?"

"प्रामाणिक असेल, वन्सं."

"त्याच्याकडे शिल्लक नसेल."

मग पॉवर सप्लाय. तो म्हणाला थोडा मोठा घ्या, भार आला की छोटा दमतो. वन्संचं मत, मोठा पडून राहिला असेल, तो खपवतोय. पेटीला पुढून जाळी आणि मोठे पंखे हवेत म्हणाला, मोठा पंखा हळू फिरतो, आवाज कमी करतो. "मोठा पंखा, मोठं बिल," वन्सं पुटपुटल्या. कार्ड आलं तेव्हा तर त्यांनी खोक्याचं सील नखानं खरवडून पाहिलं. एका पट्टीवर दुसरी पट्टी होती.

"हे आधी कुणीतरी उघडलंय."

"मीच उघडलं, ताई. चालतं का बघायला. बंद निघालं असतं तर तुम्ही माझंच डोकं खाल्लं असतं."

"चोरही तेच म्हणतो, बघायला आलो होतो."

तो हसला नाही. धाकटीनं घाईघाईनं पंख्यांची किंमत विचारली.

संशयाची लागण घरभर झाली. नवरा म्हणू लागला, हल्ली जुनी कार्डं धुऊनपुसून नवी म्हणून विकतात. शेजारीण म्हणाली, त्याच्या दुकानात मी कधी गिऱ्हाईक बघितलं नाही, मग चालतं कसं? आणि पेटी ठेवायला जे टेबल करून घेतलं, त्या सुतारालाही वन्संनी सोडलं नाही. टेबलाच्या कडेकडे डावा डोळा मिटून बघत म्हणाल्या, "मधोमध पोट आलंय." सुतारानं सपाटी मोजायची पाणसळ ठेवली. बुडबुडा बरोबर मध्यावर. "बुडबुडा तुमच्याच ओळखीचा असेल," वन्सं म्हणाल्या. सुतार इतका भडकला, की कानामागची पेन्सिल टेबलावर आपटून गेला, ती न्यायलाही परत आला नाही. धाकटी अजून त्याच पेन्सिलीनं दुधाचा हिशोब लिहीत होती.

शेवटी पेटी जोडून झाली. सुरू केली, तर आवाज मांजराच्या श्वासाइतका. जी मुंगी दिवसभरात दोन पावलं चालायची, ती धाकटीची कणीक मळून होईतो दोरीच्या मध्यापर्यंत पोचली. वन्संचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसले, खुर्ची जवळ ओढली, डावा डोळा मिटला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"दोरी वाकडी दिसतेय. मुंगीच्या आधीच."

पहिला मॉनिटर बदलला. दुसरा आला, तोही वाकडा. तिसरा रंग अचूक दाखवणारा, छपाईवाले वापरतात तसा. रंग पसंत पडले, दोरी वाकडीच. आणि आता हा चौथा, फुलाफुलांच्या चादरीत.

कॉम्प्युटरवाल्यानं चपला काढल्या, कुणाकडे न बघता आतल्या खोलीत गेला आणि टेबलावर चादर सोडली. आतून निघालेल्या मॉनिटरच्या कडेला ओरखडे होते आणि एका कोपऱ्यात फुलपाखराचं स्टिकर.

"जुना माल!" वन्सं म्हणाल्या. "बघ धाकटे, सकाळी सकाळी, चादरीत. माणसं जागी व्हायच्या आत."

"आधी बघा, ताई. मग बोला."

त्यानं तारा जोडल्या. पडद्यावर दोरी आली, मुंगी आली. चित्र हलत नव्हतं, मुंगी अजून मध्यापासून लांब होती, म्हणजे दोरी ताठच असायला हवी होती. नवरा एक मोजा हातात घेऊन दारात उभा राहिला. धाकटी पदराला हात पुसत वन्संच्या मागे आली. पेटी जाणार की राहणार, ते आता ठरणार होतं. पेटी गेली तर मुंगीही गेली. वन्सं दुसऱ्या दुकानात पुन्हा पहिल्यापासून सुरू करतील, हे तिला खरं वाटत नव्हतं. त्या काहीच न बोलता भाच्याचं मशीन झाकून ठेवतील आणि सकाळी फिरायला जाऊ लागतील.

वन्संनी डावा डोळा मिटला. "वाकडी. तिथंच. जिथं मुंगीची पुढची पावलं पडायचीत, तिथंच."

"नक्की?"

"मला विचारतोस, नक्की?"

कॉम्प्युटरवाला खुर्चीच्या पाठीला टेकला. "हा माझ्या घरचा मॉनिटर आहे. माझी लेक यावर इमारतींचे नकाशे काढते. रोज. भिंतीची एक रेघ वाकडी आली तर तिचे मास्तर कागद तोंडावर फेकतील. मी काय म्हणतो, ताई, चार मॉनिटर, चार कंपन्या, आणि चौघांनी मिळून एकाच जागी वाकायचं ठरवलं? मला काल संध्याकाळपासून एकच शंका येतेय. तुम्हाला हे मशीन घ्यायचंच नाहीये. एकेक मॉनिटर वापरून तुमचं काम उरकताय आणि मला पळवताय."

"तोंड सांभाळून," नवरा दारातून म्हणाला. हातात मोजा असल्यामुळे दम काही बसला नाही.

वन्सं मात्र डगमगल्या नाहीत. "म्हणजे मॉनिटर नाही. कार्ड. म्हटलंच होतं मी! वापरलेलं कार्ड घातलंयस तू. दोरी तेच वाकवतंय."

"कार्ड रेघ वाकवत नाही हो! कार्ड बिघडलं तर ठिपके येतील, पडदा काळा होईल. एवढी एकच दोरी निवडून ते कशाला वाकवेल?" त्यानं खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. "जाऊ दे. मला आजवर कुणी चोर म्हटलं नव्हतं. काढतो सगळं."

तो पेटीच्या मागच्या स्क्रूशी वाकला. धाकटीनं पडद्याकडे पाहिलं. ती केव्हाची पाहत होती. दोरी सरळ होती. काल तिसऱ्या मॉनिटरवरही सरळच होती. पण वन्संसमोर रेघेबद्दल बोलायचं म्हणजे गवयासमोर सुराबद्दल बोलायचं. म्हणून ती गप्प राहिली होती. डोळाताईंना दिसतंय म्हणजे असणार. आपली नजर ती काय, तांदळातल्या खड्यांपुरती.

तिची नजर टेबलाच्या कडेवर गेली. 'मधोमध पोट आलंय.' पाणसळ. बुडबुडा.

टेबलात कुठलं आलंय ग्राफिक्स कार्ड?

 क्षणभर वाटलं, गप्प बसावं. पेटी जाऊ द्यावी, बिचाऱ्या कॉम्प्युटरवाल्याच्या माथी खापर फुटू द्यावं. वन्संना निदान इतकं तरी राहील, की जग वाकडं आहे आणि त्यांचा डोळा सरळ. मग स्वतःच्याच या विचाराची तिला लाज वाटली. ती शिवणाच्या डब्याकडे गेली, काळा दोरा तोडला आणि वन्संसमोर येऊन दोन्ही हातांत ताठ ताणून धरला.

"वन्सं, जरा इकडे बघा. तुमच्या पद्धतीनं."

"आता हे काय खेळ?"

"बघा तर."

वन्संनी डावा डोळा मिटला.  कॉम्प्युटरवाल्याचा स्क्रूड्रायव्हर थांबला.

"हात सैल सोडू नकोस," त्या म्हणाल्या.

"ताठ आहे, वन्सं."

वन्संनी डावा उघडला, उजवा मिटला. मग उजवा उघडला, डावा मिटला. पुन्हा. आणि पुन्हा. वरचा कागद, खालचा कागद. डावा, उजवा, डावा, उजवा. धाकटीला तो चेहरा माहीत होता. जन्मभर परक्या कागदांवर रोखलेला तो चेहरा. तिच्या हातातला दोरा जरा कलला, तेव्हा वन्संनीच आपली बोटं तिच्या बोटांवर ठेवून तो स्थिर केला.

"रेघ उडतेय," त्या हळूच म्हणाल्या.

 स्वयंपाकघरात दूध शेवटी उतू गेलंच, त्याचा करपट वास आला. नवऱ्यानं जाऊन गॅस बंद केला, तोही एका पायात मोजा घालूनच.

"दोन डोळ्यांनी काही कळत नाही," वन्सं जणू स्वतःलाच सांगत होत्या. "चहा ओतताना, जिना उतरताना सगळं सरळ. उजव्याची चूक डावा झाकून घेत होता तर." मग त्यांनी दुधाच्या कॅलेंडरला अडकवलेल्या पेन्सिलीकडे पाहिलं. "त्या सुताराला निरोप पाठव. पेन्सिल राहिलीय म्हणावं."

कॉम्प्युटरवाला उठून उभा राहिला. स्क्रूड्रायव्हर कुठं ठेवावा ते त्याला सुचेना, त्यानं तो दुकानातल्यासारखा कानावर खोचला. "ताई, आजच्या आज डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. उद्यावर नको. माझ्या सासऱ्यांचं असंच होतं, त्यांनी उशीर केला. लवकर गेलं की पुष्कळदा तिथंच थांबवता येतं म्हणतात."

"खरंच सासरे, की डॉक्टर तुझा पाहुणा आहे?" वन्संनी विचारलं. सवय जाते कुठं!

"मी कॉम्प्युटर विकतो, ताई. डॉक्टर तुम्हीच निवडा."

त्यानं लेकीचा मॉनिटर चादरीत गुंडाळला, आणि तिसरा, रंग अचूक दाखवणारा, पुन्हा टेबलावर बसवून दिला. पेटीचे सैल केलेले स्क्रू एकेक करून परत आवळले. निघताना दाराशी थांबला.

"ताई, त्या कार्डाच्या सीलवर दुसरी पट्टी होती, ती मीच चिकटवली होती. तुम्ही विचारायच्या आधीच सांगायला हवं होतं."

"दोन पट्ट्या होत्या की नव्हत्या?"

"होत्या."

"मग तेवढं मी बरोबर धरलं होतं," वन्सं म्हणाल्या, आणि तो पहिल्यांदा हसला.

नवरा फोनवर डॉक्टरांची वेळ मागत होता. धाकटीनं वन्संची पर्स, जुना चष्मा आणि रुमाल गोळा केला. परत आली तर वन्सं अजून मॉनिटरसमोरच बसल्या होत्या. दोन्ही डोळे उघडे ठेवून, सवय नसलेल्या माणसासारख्या. पडद्यावर मुंगी मध्यापासून जराशी लांब, एक पाय उचलून थांबली होती.

"चला वन्सं, गाडी येईल."

"चलते." पण त्या उठल्या नाहीत. "डॉक्टर काय म्हणतील ते म्हणू देत. हे मी पुरं करणार आहे."

"करायचंच आहे, वन्सं."

"डावा डोळा कधी कामाला लावला नाही. शिकायला वेळ लागेल त्याला. आणि मला कुणाचंच खरं वाटत नाही, ते तुला माहीत आहे." त्यांनी तिच्या हातातला रुमाल घेतला, घडी मोडली, पुन्हा घातली. "तुझं एक काम आहे, धाकटे. दुपारी तुझं आवरलं, की थोडा वेळ माझ्याशेजारी बस आणि दोरी सरळ आहे की वाकडी, तेवढं मला खरं खरं सांग."